पिक खाली ठेवल्यावर उजव्या हाताचे काय होते

बरीच वर्षे इलेक्ट्रिक गिटार वाजवल्यानंतर मी क्लासिकल गिटार हाती घेतली, तेव्हा डाव्या हाताने मला फारसा त्रास दिला नाही. नेक, म्हणजे डाव्या हाताने धरायची गिटारची मान, रुंद होती, तारा जाड होत्या, पण स्केल आणि कॉर्ड ओळखीचेच होते आणि काही आठवड्यांत बोटे आपापल्या जागी पडू लागली. खरी अडचण उजव्या हाताची होती. तारा छेडण्यासाठी हात साउंडहोलपाशी, म्हणजे गिटारच्या पोटावरच्या गोल भोकापाशी, आणला की तर्जनी आपोआप वळून अंगठ्याच्या टोकाला चिकटायची, जणू त्या दोघांमध्ये पिक, म्हणजे तारा छेडण्याचा प्लास्टिकचा छोटा तुकडा, अजून धरलेलेच आहे. मी ती मुद्दाम सुटी करायचो, चार स्वर वाजवायचो आणि पाचव्या स्वराला ती पुन्हा अंगठ्याला टेकलेली दिसायची.

पिक धरणे म्हणजे अंगठा आणि तर्जनी यांनी एकमेकांना हलक्या, पण कधीही न सुटणाऱ्या दाबाने रोखून धरणे, आणि हा दाब माझ्या हातात इतका मुरला होता की तो आहे हेच मला जाणवत नव्हते. क्लासिकल गिटारवर नेमकी हीच दोन बोटे एकमेकांपासून पूर्ण मोकळी असावी लागतात. अंगठा बहुतेक वेळ सहाव्या, पाचव्या आणि चौथ्या तारेवरचा खर्ज सांभाळतो, तर तर्जनी, मध्यमा आणि अनामिका पहिल्या तीन तारांवर सुरावट आणि मधले स्वर वाजवतात. या बोटांना त्यांच्या स्पॅनिश नावांच्या आद्याक्षरांवरून पी, आय, एम आणि ए म्हणतात आणि छापील स्वरलेखनात तीच अक्षरे स्वरांशेजारी दिलेली असतात. करंगळीला छेडण्याचे काम जवळजवळ नसते. ज्यांनी इलेक्ट्रिकवर हायब्रिड पिकिंग केले आहे, म्हणजे पिक धरून उरलेल्या बोटांनीही तारा छेडल्या आहेत, त्यांची मध्यमा आणि अनामिका बऱ्यापैकी तयार असतात, पण तर्जनी त्यांचीही पिकमागेच अडकलेली असते. नव्याने गिटार शिकणाऱ्या माणसाचे दुबळे बोट सहसा अनामिका असते. इलेक्ट्रिककडून येणाऱ्याने मात्र सगळ्यांत आधी तर्जनीकडे पाहावे, असे माझे ठाम मत झाले आहे.

पिक आणि बोट यांच्यातला मूळ फरक मला फार उशिरा उमगला. पिक तारेला चालत्या गतीत भेटते. मनगट किंवा कोपरापुढचा हात झोका घेतो, पिकचे टोक तारेला लागते आणि पलीकडे निघून जाते. स्पर्श कधी झाला आणि स्वर कधी निघाला हे वेगळे करून सांगताच येत नाही. बोटाने वाजवताना या दोन घटना वेगळ्या कराव्या लागतात. बोट आधी तारेवर येऊन विसावते, तिला किंचित आत दाबते आणि मग सोडते. स्वर जन्मतो तो सोडण्याच्या क्षणी, बोट तारेवर आदळण्याच्या क्षणी नव्हे.

माझ्या शिक्षकांनी पहिल्या तासाला मला एकही स्वर वाजवू दिला नाही. त्यांनी मला तर्जनी तिसऱ्या तारेवर ठेवायला सांगितली आणि विचारले, ‘तार आता नखाला लागते आहे की बोटाला?’ मला उत्तर देता आले नाही, कारण इतकी वर्षे तार आणि मी यांच्यामध्ये प्लास्टिकचा तुकडा होता आणि तारेचा स्पर्श उजव्या हाताला असा कधी झालाच नव्हता. त्यांनी बोट अगदी थोडे कलते केले. अंगठ्याकडच्या बाजूला जिथे नखाची कड आणि बोटाचे मांस एकत्र येतात, त्या खोबणीत तार येऊन बसली आणि एकाच वेळी मऊ आणि कठीण असा दुहेरी स्पर्श जाणवला. ही जागा एकदा सापडली की पुढचे पुष्कळसे काम सोपे होते. तार नुसत्या नखावर आली तर वाजवण्यापूर्वी ‘टक्’ असा बारीक आवाज येतो आणि स्वर पातळ निघतो; नुसत्या मांसावर आली तर स्वर गोल असतो, पण त्याची सुरुवात धूसर होते. पहिल्या काही दिवसांचा माझा अभ्यास एवढाच होता: बोट ठेवायचे, खोबण तपासायची, तार साउंडबोर्डच्या, म्हणजे गिटारच्या पुढच्या लाकडी फळीच्या, दिशेने दाबायची, सोडायची, आणि सुटलेले बोट ढिले होऊन आपल्या जागी परत येईपर्यंत दुसरे काही करायचे नाही.

ढिले होणे हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे. आपल्याला वाटते की बोटाचा वेग ते किती जोराने ओढले जाते यावर ठरतो, पण पुढचा स्वर वेळेवर येतो की नाही हे आधीचा ताण किती लवकर सुटला यावर अवलंबून असते. स्वर वाजल्यावर बोटाने तळहाताच्या दिशेने थोडे आत जावे आणि मग ताण सुटल्यामुळे परत यावे; त्याला मुद्दाम बाहेर फेकावे लागत असेल तर दोन स्नायू एकमेकांविरुद्ध काम करत आहेत असे समजावे.

इलेक्ट्रिक गिटारवर या बारकाव्यांची गरज कधी भासत नाही, आणि त्याला वाद्याची रचनाच कारण आहे. तिथे तारेचे कंपन पिकअपच्या, म्हणजे तारांखाली बसवलेल्या चुंबक-गुंडाळीच्या, चुंबकीय क्षेत्रात विद्युतप्रवाह निर्माण करते आणि पुढचे मोठेपण, लांबी आणि पोत अँप्लिफायर व पेडल यांच्याकडून येतात. हलक्या हाताने छेडलेला स्वरही भरघोस होऊ शकतो. क्लासिकल गिटारला अशी नंतरची सोय नाही. तारेची ऊर्जा ब्रिजमधून, म्हणजे तारा जिथे बांधलेल्या असतात त्या पट्टीतून, लाकडी साउंडबोर्डला मिळते, आणि तार साउंडबोर्डच्या दिशेने आत-बाहेर हलत असेल तर ही ऊर्जा चांगली पोहोचते. तार साउंडबोर्डला समांतर हलत असेल तर स्वर बारीक, पण तुलनेने जास्त वेळ टिकणारा असतो. म्हणजे बोट तारेला कोणत्या दिशेने सोडते यावर स्वराचा आकार ठरतो. पिकच्या सवयीने आपण तार आडवी ओढतो किंवा बोट हुकासारखे वाकवून वर उचलतो. वर उचललेली तार फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, आपटते आणि कर्कश ‘चट्’ असा आवाज येतो. आत दाबून सोडलेल्या तारेचा स्वर त्याच कष्टात दुप्पट भरलेला वाटतो, आणि हा फरक पहिल्यांदा कानावर पडतो तेव्हा आपलीच गिटार बदलल्यासारखी वाटते.

हालचाल कोणत्या सांध्यातून व्हावी, हा पुढचा प्रश्न. पिकचे काम मनगटातून चालते, म्हणून आपले मनगट सतत काहीतरी करू पाहते. क्लासिकल वादनात मनगट शांत ठेवावे लागते आणि बोटाची मुख्य हालचाल त्याच्या मुळाशी, म्हणजे मूठ वळल्यावर जो उंचवटा दिसतो त्या सांध्यातून निघते. मधला सांधा तिच्याबरोबर वाकतो आणि टोकाचा सांधा थोडा सैल राहतो. नुसत्या मधल्या सांध्यातून ओरबाडल्यासारखे वाजवले तर आवाज कोता येतो आणि हात लवकर दमतो. मनगट फार वाकवून बोटे तारांवर लटकवणे ही तर टाळण्याचीच गोष्ट आहे, कारण बोटांचे स्नायुरज्जू मनगटातल्या अरुंद जागेतून जातात आणि वाकलेल्या मनगटात त्यांच्यावर दाब येतो. हाताचा भार गिटारच्या वरच्या कडेवर टेकलेल्या कोपरापुढच्या भागाने घ्यावा, म्हणजे पंजा तारांवर हलका तरंगत राहतो.

या तरंगण्याची मला सुरुवातीला अक्षरशः भीती वाटायची. इलेक्ट्रिकवर माझी करंगळी कायम पिकगार्डवर, म्हणजे तारांशेजारच्या प्लास्टिकच्या संरक्षक पट्टीवर, रोवलेली असे, इतकी की तिथली चकाकी एका ठिपक्यापुरती गेली होती. आणि तळहाताची कड ब्रिजवर टेकलेली असे. हे दोन्ही आधार काढून घेतले की तारा कुठे आहेत हे हाताला कळेनासे होते. त्यातून अंतरेही बदललेली असतात. इलेक्ट्रिक गिटारवर ब्रिजपाशी पहिल्या आणि सहाव्या तारेतले अंतर साधारण 52 मिलिमीटर असते, क्लासिकलवर ते 58च्या आसपास जाते. शेजारच्या दोन तारांमध्ये जेमतेम एका मिलिमीटरची भर पडते, पण सरावलेल्या हाताला ती मोठी वाटते. पहिली तारही इलेक्ट्रिकच्या पाव मिलिमीटरच्या तारेपेक्षा जवळजवळ तिप्पट जाड असते. करंगळी टेकवून हा प्रश्न सुटल्यासारखा वाटतो, परंतु करंगळी रोवली की तिच्या शेजारची अनामिका बांधली जाते, कारण या दोन बोटांच्या हालचाली एकमेकींशी निगडित आहेत. यावर उपाय असा, की एखादे बोट वाजत असताना दुसरे कोणते तरी बोट तारेवर विसावलेले ठेवावे. अंगठा पाचव्या तारेवर ठेवून तर्जनी आणि मध्यमा वाजवा, किंवा तिन्ही बोटे पहिल्या तीन तारांवर ठेवून अंगठा वाजवा. पिकगार्डचा आधार गेला तरी तारांचा आधार उरतो, आणि तो हाताबरोबर हलू शकतो.

अंगठ्याविषयी एकच गोष्ट सांगतो. पिकच्या सवयीने तो तळहाताच्या आत, बोटांच्या मागे जातो आणि मग तर्जनीशी त्याची टक्कर होते. क्लासिकलवर अंगठा नेकच्या दिशेने पुढे राहतो आणि बोटे त्याच्या मागे, ब्रिजच्या बाजूला वाजतात. समोरून पाहिले तर अंगठा आणि तर्जनी यांची फुली दिसायला हवी. आरशासमोर बसून हे तपासणे उत्तम.

आता आलटून पालटून वाजवण्याकडे येतो, कारण इथे इलेक्ट्रिकची शिकवण मदतही करते आणि दगाही देते. खाली-वर, खाली-वर असे पिक चालवण्याचा जो शिस्तबद्ध सराव आपण केलेला असतो, त्याचे भाषांतर आय-एम, आय-एम असे होते आणि लयीचा पक्केपणा जसाच्या तसा उपयोगी पडतो. तार बदलताना मात्र गणित वेगळे होते. तिसऱ्या तारेवर तर्जनी आणि मग दुसऱ्या तारेवर मध्यमा हा क्रम हाताला नैसर्गिक आहे, कारण मध्यमा तशीही पुढे असते. मध्यमा तिसऱ्या तारेवर आणि तर्जनी दुसऱ्या तारेवर असा क्रम आला की बोटे एकमेकांवरून ओलांडल्यासारखी होतात. म्हणून एखादी तान बसवताना सुरुवात कोणत्या बोटाने केली म्हणजे तार बदलण्याच्या जागा सोप्या येतील, हे आधी पाहून लिहून ठेवावे लागते. ज्यांनी इकॉनॉमी पिकिंग किंवा स्वीप केले आहे, म्हणजे पिक एकाच दिशेने एका तारेवरून पुढच्या तारेवर सरकवत वाजवले आहे, त्यांना आणखी एका सवयीशी झगडावे लागते. पहिल्या तारेवरून दुसरीवर उतरताना त्यांचे तेच बोट सरळ पुढच्या तारेवर घसरते आणि तिथेही वाजते, कारण पिकने तसे करणे हा त्यांच्यासाठी सुबकपणा असतो. काही ठिकाणी हे चालतेही, पण सुरुवातीच्या काळात त्याला अजिबात मुभा देऊ नये, असे मला वाटते. मी माझे वादन ध्वनिमुद्रित करून ऐकले तेव्हा प्रत्येक उतरत्या तानेत तर्जनी दोनदा आलेली जागा लंगडणाऱ्या पावलासारखी स्पष्ट कळत होती. वाजवताना तिचा मला पत्ताही नव्हता.

बोटाच्या दोन मुख्य पद्धतींबद्दल बरीच चर्चा होते. रेस्ट स्ट्रोकमध्ये, ज्याला स्पॅनिशमध्ये आपोयांदो म्हणतात, बोट वाजवून झाल्यावर शेजारच्या तारेवर टेकते. फ्री स्ट्रोकमध्ये, म्हणजे तिरांदोमध्ये, ते शेजारच्या तारेला न लागता वरून निघून जाते. इलेक्ट्रिककडून आलेल्याला रेस्ट स्ट्रोक चटकन आवडतो, कारण तो भरदार वाजतो आणि त्याचे ‘आरपार जाणे’ पिकच्या जवळचे आहे. पण मी फ्री स्ट्रोक आधी पक्का करण्याच्या बाजूचा आहे. क्लासिकल गिटारचे बहुतांश संगीत एकाच वेळी अनेक स्वर वाजत ठेवणारे आहे आणि तिथे शेजारच्या तारेवर बोट टेकले की तिचा स्वर मरतो. शिवाय फ्री स्ट्रोक आत दाबून वाजवायला शिकला की तोही रेस्ट स्ट्रोकच्या बराच जवळचा भरीवपणा देतो.

अनेक तारांवर बोटे क्रमाने चालवण्याचा, म्हणजे आर्पेजिओचा, अभ्यास मौरो जुलियानी या इटालियन वादक-रचनाकाराने जसा बांधून दिला आहे तसा क्वचितच कोणी दिला असेल. 1812 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पहिल्या ओपसमध्ये, म्हणजे क्रमांक दिलेल्या पहिल्या कृतीत, उजव्या हातासाठी 120 पाठ आहेत आणि त्या सगळ्यांत डाव्या हाताला सी मेजर आणि जी सेव्हन्थ एवढेच कॉर्ड धरायचे असतात. डावा हात असा बाजूला काढल्यामुळे सगळे लक्ष उजव्या हातावर ठेवता येते, आणि आपल्यासारख्यांना याचीच गरज असते, कारण अनेक वर्षे आपले लक्ष फ्रेटबोर्डवर राहिलेले असते. हे पाठ वाजवताना बोटे आधी ठेवण्याची शिस्त दोन प्रकारे पाळता येते. पी-आय-एम-ए असा चढता क्रम असेल तर अंगठा वाजण्याच्या वेळी तिन्ही बोटे आपापल्या तारांवर एकदम बसवावीत. उतरता क्रम असेल तर एक बोट वाजते तेव्हा पुढचे बोट आपल्या तारेवर येऊन बसते. सुरुवातीला स्वर तुटक येतात, कारण बोट बसले की तारेवर आधीचा जो स्वर वाजत असतो तो थांबतो. हे तुटकपण सहन करावे. वेग वाढला की बसणे आणि सुटणे यांतले अंतर इतके कमी होते की ऐकणाऱ्याला तुटलेले काही जाणवत नाही, वाजवणाऱ्याला मात्र प्रत्येक स्वर निघण्याआधी हाताखाली असतो.

नखांचा वाद जुना आहे. फर्नांदो सोर आणि दिओनिसिओ आग्वादो हे एकोणिसाव्या शतकातले दोन थोर स्पॅनिश गिटारवादक एकमेकांचे मित्र होते. सोर नखांशिवाय वाजवत असे आणि आग्वादो नखांनी. आज बहुतेक मैफली वादक नख आणि मांस यांच्या जोडीने वाजवतात. तळहात आपल्याकडे करून पाहिले असता बोटाच्या टोकापलीकडे नख एक ते दोन मिलिमीटर दिसावे, इतपत लांबी मला पुरते. लांबीपेक्षा आकार महत्त्वाचा आहे: तार जिथे नखाला पहिल्यांदा लागते तिथून जिथून सुटते तिथपर्यंत एक अखंड उतार हवा, मध्ये खाच नको. कानशीने आकार दिल्यावर 1000 आणि मग 2000 क्रमांकाच्या पॉलिश कागदाने कड गुळगुळीत केली की स्वरातली खरखर जाते. एक व्यावहारिक अडचण मात्र सोसावी लागते. इलेक्ट्रिकच्या धातूच्या तारा नखे फार लवकर झिजवतात, त्यामुळे दोन्ही वाद्ये चालू ठेवणाऱ्याने इलेक्ट्रिकवर बोटांनी छेडणे शक्यतो बंद करावे आणि तिथे पिकच वापरावे.

इलेक्ट्रिककडून आणलेली एक शिदोरी मला क्लासिकलवर फार कामी आली, ती म्हणजे नको असलेला आवाज ऐकण्याची सवय. डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका करणारा परिणाम, लावून वाजवणाऱ्याला माहीत असते की जी तार वाजत नाही तीही गुणगुणते आणि तिला तळहाताने किंवा मोकळ्या बोटाने गप्प करावे लागते. क्लासिकलवर हे काम मुख्यतः अंगठ्याकडे येते. मोकळी पाचवी तार वाजवून खर्ज मोकळ्या सहाव्या तारेवर गेला, तर पाचवी तार वाजतच राहते आणि कॉर्ड बदलूनही जुना खर्ज खाली रेंगाळतो. सहावी तार अंगठ्याच्या रेस्ट स्ट्रोकने वाजवली की अंगठा आपोआप पाचवीवर येऊन टेकतो आणि ती थांबते. उलट दिशेला, म्हणजे सहावीवरून पाचवीवर जाताना, पाचवी वाजवल्यावर अंगठा मुद्दाम मागे आणून सहावीला लावावा लागतो. आपण केलेले पाम म्यूटही वाया जात नाही: तळहाताची कड ब्रिजपाशी टेकवून अंगठ्याने वाजवलेल्या दबलेल्या स्वराला क्लासिकल गिटारच्या परिभाषेत पिझिकातो म्हणतात आणि आपल्याला तो लगेच जमतो.

तसेच पिकअप निवडण्याच्या स्विचचे. ब्रिजकडचा पिकअप धारदार आणि नेककडचा मऊ, हे कानात बसलेले असतेच. इथे तो स्विच हातात आहे. ब्रिजजवळ छेडले की स्वर टणक आणि चमकदार निघतो, साउंडहोल ओलांडून फ्रेटबोर्डच्या टोकावर छेडले की गोड आणि गडद. हात तीन-चार इंच सरकवला की एकाच ओळीला दोन चेहरे मिळतात. मात्र हात सरकताना कोपराचा टेकू आणि बोटांचा कल बदलणार नाही याकडे लक्ष ठेवावे लागते, नाहीतर जागेबरोबर आवाजाची प्रतही बदलते.

माझ्या स्वतःच्या सरावात रोजची पहिली पंधरा मिनिटे आजही मोकळ्या तारांची असतात, डावा हात मांडीवर ठेवून. मेट्रोनोम साठवर लावायचा, एका ठोक्याला बोट बसवायचे, पुढच्या ठोक्याला सोडायचे; आय-एम, मग एम-ए, मग आय-ए. सध्या मी पी-ए-एम-आय या क्रमाचा ट्रेमोलो बसवतो आहे. इलेक्ट्रिकवर ट्रेमोलो म्हणजे एकाच तारेवर पिकची अखंड धाव असते. इथे अंगठा खर्ज वाजवतो आणि तीन बोटे पाठोपाठ एकाच तारेवर तोच स्वर धरून ठेवतात. चौघांत तर्जनी शेवटी येते आणि तिच्या लगेच नंतर अंगठा, म्हणजे पिक धरणारी ती जुनी जोडी इथे पुन्हा शेजारी येते. वेग वाढवला की माझी तर्जनी अजूनही किंचित घाईने अंगठ्याकडे ओढली जाते आणि तिसरा व चौथा स्वर जवळ येतात. तेव्हा मी मेट्रोनोम पुन्हा साठवर आणतो, पहिल्या तारेवर तर्जनी ठेवतो आणि तार नखाला लागते आहे की बोटाला, हे आधी पाहून घेतो.